मिसरीने रक्त थांबलं, मग डॉक्टरकडे कशाला?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४४. घरी कोरडवाहू कापूस, नवरा, सासूबाई आणि आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) लग्न ठरलेली मुलगी. पोळ्यापासून त्यांच्या हिरड्या दुखतात. ठेचा लागला की आग होते, भाकरीचा कडक पापुद्रा टोचतो, ब्रश केला की थुंकीत रक्त. रक्ताला घाबरून त्यांनी ब्रशच सोडला. सासूबाई म्हणाल्या, "मिसरी लाव, रगत थांबी जाई." भाजलेल्या तंबाखूची ती पूड लावली, आणि आठ-दहा दिवसांत रक्त खरंच थांबलं. आता तोंडाला वास येतो आणि खालचा पुढचा एक दात हलल्यासारखा वाटतो. मधे मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, बरं वाटलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी दात साफ करून घेतले तर त्यांचे दात हलायला लागले, म्हणून घरचे म्हणतात त्या फंदात पडू नको, हे उष्णतेने होतं. ताई विचारतात, "लग्न उरकेपर्यंत मिसरीवर काढलं तर चालेल का? खर्चाचे दिवस आहेत. रात्री पाण्याला आणि लघवीला दोन-तीनदा उठावं लागतं तेवढी झोपमोड सोडली, तर माझी तब्येत ठणठणीत आहे."

ताई,

लग्न उरकेपर्यंत थांबू नका. आज रात्री धावत सुटावं असंही काही तुमच्या पत्रात नाही. पण येत्या दोन आठवड्यांत दाताच्या डॉक्टरांना तोंड दाखवून या, आणि त्याच्याही आधी, याच आठवड्यात, रक्तातली साखर तपासा. साखरेचं का ते पुढे सांगते. आधी मिसरीचं बोलू, कारण तुमचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे: रक्त थांबलं, म्हणजे औषध लागू पडलं.

मी बरीच वर्षं याच भागात दातांचा दवाखाना चालवला. जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चोळून पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून बोटाने दातांवर फिरवत राहायची, हे मला नवीन नाही. कुणी मशेरी म्हणतं, कुणी मिसरी. भाजल्याने तंबाखूची तंबाखू राहत नाही असं बऱ्याच बायकांना वाटतं. तिच्यात निकोटिन राहतंच. ते हिरडीत मुरलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. वाहिन्या आकसल्या की रक्त कमी येतं, लाली उतरते, हिरडी फिकट आणि घट्ट दिसायला लागते. बाई आरशात बघते आणि म्हणते, सुधारलं. आतलं सडणं तसंच चालू असतं. घरात धूर दिसत होता म्हणून आपण खिडकी लावून घेतली, एवढंच झालं. वास येणं आणि दात हलणं ही दोन्ही लक्षणं रक्त थांबल्यानंतरची आहेत, हे तुमच्याच पत्रात आहे.

दातांच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला सरकारने १९९२ सालीच बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र बंदी पोचत नाही.

मुळात हिरडी दुखते कशाने, तेही बघा. खाल्ल्यावर दातांवर जंतूंचा एक पांढुरका, चिकट थर धरतो. नखाने खरवडला तर नखावर येतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर एक-दोन दिवसांतच लाळेतले क्षार त्यात बसायला लागतात आणि हळूहळू त्याचं दगडासारखं कीटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ लावून बघा. तिथे खरखरीत, सलग पट्टी लागते का? जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं असतात, म्हणून कीटण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तिथेच साचतं. तुमचा हलणारा दातही तिथलाच आहे. बोअरच्या पाण्याच्या हंड्याला आतून जसा पांढरा थर चढतो, दिसायला तसंच. (पण ते पाण्याने चढत नाही. "आमचं पाणीच खारं आहे हो" हे मी हजारदा ऐकलं असेल.) या कीटणावर जंतू ठाण मांडतात, हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला ब्रश लागला की रक्त येतं. ते रक्त ब्रशने काढलेलं नसतं, सुजेचं असतं. म्हणून रक्त आलं की ब्रश सोडायचा नसतो, मऊ ब्रश घेऊन नीट घासायचं असतं. तुम्ही उलटं केलंत. जवळजवळ सगळेच करतात.

एवढ्यावर थांबलं तर हिरडी पूर्ण बरी होते. पुढे गेलं तर हिरडी दातापासून सुटते, मधे खिसा तयार होतो, आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागतं. यालाच आपण पायोरिया म्हणतो. झिजलेलं हाड आपोआप परत भरत नाही, मात्र पुढची झीज थांबवता येते. ही झीज फार दुखत नाही, तिची खरी खोडी हीच. "माझी तब्येत ठणठणीत आहे" हे तुमचं वाक्य म्हणूनच मला धीर देत नाही.

आता शेजारच्या काकूंचे दात. काकू खोटं बोलत नाहीत. हाड आधीच झिजलेलं असतं आणि शेजारशेजारच्या दातांना कीटणाने सिमेंटसारखं जखडून ठेवलेलं असतं. कीटण काढलं की दात जसा होता तसा उघडा पडतो. सूज उतरल्यावर फटीही दिसतात, थंड पाणी काही दिवस झिणझिणतं, आणि माणूस म्हणतो, डॉक्टरने दात हलवले. काकू दोन-चार वर्षं आधी गेल्या असत्या तर दात हलायची वेळ कदाचित आलीच नसती. खरं तर साफसफाईनंतर सूज गेली की थोडा हलणारा दात पुष्कळदा घट्टही होतो. तुमच्या दाताचं काय होईल ते मी पत्रावरून सांगू शकत नाही. तो काढावाच लागेल असं धरून मात्र चालू नका.

मेडिकलच्या गोळ्यांचंही तसंच. जंतू थोडे दबले, सूज उतरली, कीटण जागेवर राहिलं, आणि पंधरा दिवसांत गाडी परत तिथेच. हिरड्यांच्या साध्या सुजेला प्रतिजैविक लागतच नाही. उगाच घेत राहिलात तर खरी गरज पडेल तेव्हा ते काम करणार नाही.

उष्णतेला मी अगदी हसणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, शेतात बाई दिवसभर एका तांब्यावर काढते, तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की जंतूंचं फावतं, हे खरंच आहे. पण तुमच्या हिरड्या पोळ्याला दुखायला लागल्या आणि आता कापूस वेचणीच्या थंडीतही दुखताहेत. एवढी उष्णता कुठून आणणार?

तर आता ते शेवटचं वाक्य. रात्री पाण्याला उठणं, दोन-तीनदा लघवीला जाणं याला तुम्ही झोपमोड म्हणालात. चाळिशी ओलांडलेल्या बाईला वारंवार तहान, वारंवार लघवी आणि बऱ्या न होणाऱ्या हिरड्या असं तिन्ही एकत्र दिसलं की माझ्या डोक्यात पहिला शब्द येतो तो शुगर. नसेलही, कारणं दुसरीही असतात. पण साखर वाढली की हिरड्यांचा संसर्ग चिघळतो, आणि हिरड्यांचा संसर्ग राहिला की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दोघी जावा एकमेकींना चढवतात तसं. एकीलाच समजावून भागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबावर साखर बघून देतात, आशाताईंना विचारलंत तर कोणत्या दिवशी जायचं ते सांगतील. आकडा जास्त वाटला तर शिरेतून रक्त देऊन उपाशीपोटीची तपासणी करा. ती १२६ किंवा वर, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.५ किंवा वर आली, तर डॉक्टर बहुधा एकदा पुन्हा तपासून मधुमेहाचं निदान करतात. हा कागद दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जायचा.

तोवर घरी काय करायचं?

मिसरीची डबी बंद. एकदम जमलं नाही तर स्वतःला शिव्या घालत बसू नका, तुम्हाला लागून फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे सुटायला सोपं जाईल. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो, तो सोडायला मदत करणाऱ्यांचाच आहे. मिसरी बंद केल्यावर काही दिवस रक्त पुन्हा दिसेल. तेव्हा "बघा, मिसरीनेच थांबलं होतं" असं घरात कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या झाल्या, एवढाच त्याचा अर्थ.

मऊ ब्रश आणा, दुकानात "सॉफ्ट" म्हणून मागा. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं. ब्रशचे केस दात आणि हिरडीच्या सांध्यावर तिरके टेकवायचे आणि जागच्या जागी हलकं हलवायचं. भांडं घासल्यासारखं आडवं रेटायचं नाही. केस वाकडे झाले किंवा तीन महिने झाले की ब्रश बदला. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोन-तीनदा चूळ भरा. सूज थोडी उतरते, आराम पडतो. कीटण मात्र मिठाने विरघळत नाही, तेल-हळदीने नाही आणि तुरटीनेही नाही.

आणि बांगडीला अडकवलेली ती पिन! तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावते की आहे. जेवण झालं की पिन काढायची, दातांच्या फटीत घालायची, परत बांगडीत. माझ्या दवाखान्यात एक मावशी खुर्चीवर बसल्या बसल्या पिनेने मला दाखवत होत्या की नेमकं कुठे दुखतं, आणि जिथे दाखवलं तिथे हिरडीवर पिनेचीच बारीक जखम होती. फटीसाठी दातांचा धागा मिळतो, बारीक फटीचा ब्रश मिळतो. ते आणेपर्यंत नुसती जोरात चूळ भरा. लवंगेचं तेल तसंच हिरडीवर ओतू नका, भाजतं. दुखायची गोळी कुस्करून हिरडीवर ठेवणारेही असतात, त्याने कातडं पांढरं होऊन सोलतं. गोळी गिळायची असते.

ठेचा काही दिवस बाजूला ठेवा. ठेच्याने हिरड्या बिघडत नाहीत, पण बिघडलेल्या हिरडीला तो सोडतही नाही. कळण्याची भाकरी फौजदारी डाळीत चांगली भिजवून, कुस्करून खा. भरीत खा, मिरची हात राखून.

पत्र एका ताईंचं असलं तरी वाचणारे बरेच आहेत, म्हणून थोडं विषय सोडून. पुढचं काही दिसलं तर दोन आठवड्यांची सवड नाही, त्याच दिवशी निघायचं: गाल किंवा जबडा सुजला आणि ताप आहे, तोंड उघडत नाही, घोट गिळता येत नाही. हनुवटीखाली, गळ्याकडे सूज उतरत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर दाताचा दवाखाना शोधत बसू नका, रात्र असली तरी गाडी काढून थेट मोठ्या रुग्णालयात. तापात हिरड्यांतून रक्त आणि अंगावर लाल ठिपके असतील तर तो डेंग्यूही असू शकतो, तिथेही डॉक्टर आधी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागणं, हे दुखत नसलं तरी दाखवायचंच. गरोदरपणी हिरड्या सुजतात, रक्त येतं, आणि "आता नको, बाळाला त्रास होईल" म्हणून सगळे नऊ महिने काढतात. दात साफ करायला गरोदरपणात हरकत नसते, मधले तीन महिने त्याला सोयीचे. अठरा-वीस वर्षांच्या पोराची मागची हिरडी सुजली असेल तर बहुतेक अक्कलदाढ. कवळी वापरणाऱ्या आजोबांच्या हिरड्या सोलत असतील तर बहुतेक कवळी सैल झाली आहे. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं आणि ते ऐकत नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अमलोडिपिनने, आणि फिट्सच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा, आणि तीही आपल्या मनाने थांबवू नका.

परत तुमच्याकडे. दवाखान्यात काय होईल याची भीती न जाण्यामागे असते, म्हणून सांगते. डॉक्टर दिवा लावून बघतील, मग बारीक खुणा असलेली एक बोथट सळई दात आणि हिरडीच्या मधे हलकेच घालून आकडे बोलतील. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार, पाच, सहा ऐकू आलं तर समजा तिथे खिसा झाला आहे. एक्स-रे काढतील, त्यात हाड किती राहिलं ते दिसतं. मग थरथरणाऱ्या टोकाच्या यंत्राने पाणी मारत कीटण काढतात. आवाज दातापेक्षा कानाला जास्त लागतो. शेवटी थुंकलेल्या पाण्यात काळपट-पिवळे खडे दिसतात. माणसं ते बघून गप्प होतात, कारण हे आपल्या तोंडात होतं यावर विश्वास बसत नाही. खिसे खोल असतील तर इंजेक्शनने भूल देऊन दोन-तीन फेऱ्यांत मुळांपर्यंत साफ करतात. पुढे महिना-दीड महिन्याने पुन्हा मोजायचं. त्या फेरीला नक्की जा. आपल्याकडे बरं वाटलं की दुसरी फेरी कुणी करत नाही. औषधी चूळ लिहून दिली तर ती साधारण दोन आठवडेच, फार दिवस वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. खिसा किती, हाड किती राहिलं, आणि दात काढायचा म्हणत असाल तर का. चांगला डॉक्टर एक्स-रे समोर धरून सांगतो. चिडला तर दुसरा बघा.

खर्चाचं. साधी साफसफाई आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात साधारण ५०० ते १,५०० रुपयांत होते, मुळापर्यंत जावं लागलं तर वाढते. सरकारी रुग्णालयात फार कमी पैशांत होते. फक्त दाताचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून जा, नाहीतर एसटीचं भाडं फुकट. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात. अमळनेरहून सकाळी निघून संध्याकाळी घरी. आणि लग्नाचा हिशेब मांडायचाच तर असा मांडा: आता गेलात तर काम साफसफाईचं आहे. आखाजीपर्यंत थांबलात तर कदाचित दात काढणं आणि नवा बसवणं, तेही नेमकं हळदीच्या आठवड्यात गाल सुजला तर. मंडपात मुलीची आई तोंडाला पदर लावून बोलते आहे, हे मुलीला बरं दिसेल का? माझ्याकडे बायका तशाच यायच्या, पदर तोंडावर धरून. "वास येतो हो डॉक्टर" हे सांगायलाही त्यांना पाच मिनिटं लागायची.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांनी त्यांच्या परीने मायेनेच डबी पुढे केली. "माझे दात मिसरीने टिकले" असं त्या म्हणत असतील तर आधी किती टिकले ते मोजा, पण मनातल्या मनात! माझं ऐकाल तर त्यांना बरोबर घेऊन जा. पन्नास वर्षं मिसरी लावलेल्या तोंडाला दाखवून घ्यायची गरज तुमच्यापेक्षा जास्त आहे. बोट रोज जिथे फिरतं, खालच्या ओठाच्या आत, हिरडीच्या खोबणीत, तिथेच चट्टे बसतात, आणि ते दुखत नाहीत म्हणून कुणी बघत नाही. "आई, मला एकटीला भीती वाटते, चला ना" म्हटलं तर येतील. सुनेच्या सोबतीला म्हणून निघालेली सासू स्वतः खुर्चीत बसते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: केव्हापासून दुखतं, कोणत्या गोळ्या घेतल्या (रिकामी पाकिटं असतील तर तीच न्या), मिसरी किती दिवस लावली, आणि शुगरचा आकडा. मिसरीचं लपवू नका, रक्त येत नाही हे बघून डॉक्टरही फसू शकतात. परत आलात की शुगरचा आणि त्या हलणाऱ्या दाताजवळच्या खिशाचा, दोन्ही आकडे मला कळवा. पुढचं त्यावरून बोलू.